बाबांची मेटोप्रोलॉल सुरू आहे, नाडी ५४ येते. गोळी बंद करायची का?

अंबाझरी_सकाळ
नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट टाकला. तेव्हापासून बाकीच्या गोळ्यांसोबत मेटोप्रोलॉल एक्सएल ५० रोज सकाळी एक अशी सुरू आहे. शुगरही आहे, त्यासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. हल्ली घरच्या बीपी मशीनवर नाडी ५२ ते ५६ दाखवते. बीपी ११८/७० च्या आसपास. चक्कर नाही, पण दोन जिने चढले की दमतात. बाबा फिरायला जातात तिथले एक काका त्यांना रोज सांगून राहिले, "नाडी इतकी खाली म्हणजे हार्ट सुस्त पडलं. ही गोळी सोडा अन् अर्जुनाची साल उकळून घ्या." बाबांच्या डोक्यात ते पक्कं बसलं आहे. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

ही गोळी नेमकं करते काय आणि थांबवली तर काय होतं, हे कुणी समजावून सांगाल का? नुसतं "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की बाबा ऐकत नाहीत. कारण समजलं की ऐकतात.

बर्डीचा_राजू
ताई, आधी एकच. सविस्तर उत्तरं येईपर्यंत बाबांची गोळी चुकू देऊ नका.

औषध_खिडकी
राजूभाऊ बरोबर सांगताहेत. मी फार्मासिस्ट आहे, रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर बसते. बाबांना पटायला हवं, म्हणून मुळापासून लिहिते. त्यांना वाचून दाखवा.

आपण घाबरलो, धावलो, चिडलो की शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन सुटतात. पेशींवर त्यांच्या बसायच्या ठरलेल्या जागा असतात, त्या म्हणजे रिसेप्टर. हृदयावर मुख्यतः बीटा-१ जातीचे रिसेप्टर आहेत. तिथे अ‍ॅड्रिनलिन येऊन बसलं की ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोका जास्त जोराने पडतो. किडनीतही बीटा-१ आहेत, त्यांच्यामुळे रेनिन सुटतं आणि बीपी चढतं. श्वासनलिकांवर बीटा-२ असतात, त्यांचं काम नळ्या मोकळ्या करण्याचं. बाबांचं मेटोप्रोलॉल ज्या गटातलं, तो बीटा ब्लॉकर या जागा आधीच अडवून बसतो. अ‍ॅड्रिनलिन येतं, पण त्याला बसायला जागा कमी पडते. म्हणजे हा हृदयावर मारलेला ब्रेक नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका केला आहे.

आता ज्या हृदयाला एकदा अटॅक येऊन गेला, त्याला याचा काय उपयोग? ठोके कमी आणि हलके, म्हणजे हृदयाचं काम कमी, म्हणजे त्याला लागणारा ऑक्सिजन कमी. शिवाय हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. नाडी ८५ वरून ५५ वर आली की तो विसावा लांबतो. मागणी घटते आणि पुरवठ्याला वेळ मिळतो, दोन्ही बाजूंनी फायदा. अटॅकनंतर ठोक्यांची लय अचानक बिघडून जीव जाण्याचा धोका असतो, तोही या औषधाने कमी होतो.

हा विचार ज्यांचा, ते स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या हृदयाला जास्त ऑक्सिजन पोचवायचा कसा, यावर बाकीचे डोकं चालवत होते. ब्लॅक यांनी प्रश्न फिरवला: हृदयाची ऑक्सिजनची भूकच कमी केली तर? त्यातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर आला. १९८८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांमध्ये ते होते. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

तेव्हा बाबांची ५४ नाडी म्हणजे हृदय सुस्त पडलं असं नाही. बहुतेक वेळा औषध लागू पडल्याची ती खूण असते.

अंबाझरी_सकाळ
इतकं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आत्ताच बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न: "मग एकदम सोडली तर काय बिघडतं? वर्षभर तर घेतली."

औषध_खिडकी
वर्षभर घेतली म्हणूनच बिघडतं. रिसेप्टर महिनोन्‌महिने अडवलेले राहिले की शरीर त्यावर तोड काढतं, पेशींवर रिसेप्टरांची संख्या वाढवतं. गोळी अचानक थांबली की ते सगळे एकदम मोकळे होतात आणि तेच रोजचं अ‍ॅड्रिनलिन हृदयावर कितीतरी जास्त काम करतं. नाडी उसळते, बीपी चढतं, छातीत दुखू लागतं. ज्यांच्या हृदयाच्या नळ्यांत आधीच अडथळा आहे, त्यांना यातून अटॅक आलेले आहेत. अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर अचानक बंद करण्याबद्दलचा इशारा छापतात, तो यासाठीच. आणखी एक, पहिल्या दिवशी काही होत नाही, त्यामुळे माणसाला वाटतं की सोडली तरी ठीक आहे. धोक्याचे दिवस त्यानंतरचे असतात, एक-दोन आठवडे.

बंद करायचीच झाली तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस हळूहळू उतरवतात, आणि त्या काळात दगदग करू नका म्हणून सांगतात.

एखाद्या सकाळी गोळी राहिली तर? आठवली की घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. गोळ्या संपत आल्या की आठवडाभर आधीच आणून ठेवा. दिवाळीत गावाला गेलो आणि स्ट्रिप घरी राहिली, असं सांगणारे माझ्या खिडकीवर दरवर्षी येतात.

अर्जुनाच्या सालीबद्दल: घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. मेटोप्रोलॉलच्या जागी तिला बसवणं मात्र धोक्याचं आहे.

डॉ_वर्धा_रोड
फिजिशियन आहे. वरचं सगळं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

मशीनच्या नाडीवर पूर्ण विसंबू नका. मधे मधे जास्तीचे ठोके पडत असतील तर मशीन कमी आकडा दाखवतं. पाच मिनिटं शांत बसवून मनगटावर बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. ५० च्या खाली वारंवार येऊ लागली, किंवा आकडा काहीही असो पण चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी, नवीन दम, पायावर सूज असं काही असेल, तर तारखेची वाट न पाहता दाखवा. छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

जिना चढून दमण्याचं कारण गोळी असू शकते. सुरुवातीच्या आठवड्यांत थकवा येतो आणि बऱ्याच जणांचा पुढे कमी होतो. पण तुमच्या बाबांना वर्ष झालं आहे. मी असतो तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी आणि टूडी इको बघितलं असतं. सगळं खापर गोळीवर फोडून मोकळं होऊ नये.

टूडी इकोच्या रिपोर्टवर ईएफ, म्हणजे एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, किती आहे ते बघा, कारण पुढचा निर्णय त्यावर ठरतो. अटॅकनंतर बीटा ब्लॉकर द्यायचाच, हा नियम जुन्या काळातल्या अभ्यासांवर उभा राहिला. तेव्हा स्टेंट नव्हते, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं नव्हती. २०२४ मध्ये रिड्यूस-एएमआय हा अभ्यास आला, मुख्यतः स्वीडनमधला, सुमारे ५ हजार रुग्णांचा. अटॅकनंतर ज्यांची ईएफ ५० किंवा जास्त होती, त्यांच्यात बीटा ब्लॉकर दिल्याने मृत्यू किंवा दुसरा अटॅक कमी झाला असं दिसलं नाही. मग सोडायची? त्याच वर्षी फ्रान्सचा अ‍ॅबिस अभ्यास आला. त्यात बऱ्याच काळापासून गोळी घेणाऱ्या स्थिर रुग्णांची गोळी थांबवून पाहिली. थांबवणं हे चालू ठेवण्याइतकंच सुरक्षित आहे, असं सिद्ध झालं नाही. थांबवलेल्या गटात हृदयाच्या त्रासासाठी भरती होणं जास्त झालं.

म्हणून ईएफ चांगली असेल तर "ही अजून किती दिवस?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. रास्त प्रश्न आहे, कुणी रागावणार नाही. ईएफ ४० च्या खाली असेल तर मात्र ही गोळी औषधांतला मुख्य खांब आहे.

कोराडी_नाका
डॉक्टरसाहेब, माझ्या आईची ईएफ ३०. तिला कार्व्हेडिलॉल ३.१२५ दिली आहे. इतका छोटा डोस? आणि हृदय आधीच कमजोर असताना ठोके आणखी हळू का करायचे? मनाला पटत नाही.

डॉ_वर्धा_रोड
तुम्हाला पडला तोच प्रश्न एकेकाळी सगळ्या डॉक्टरांना पडला होता. हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर द्यायचा नाही, असंच शिकवायचे. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या डॉक्टरांनी उलट अनुभव छापला, तेव्हा फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेटचे मोठे अभ्यास आले, पाठोपाठ कार्व्हेडिलॉलचे, आणि चित्र पालटलं. मृत्यू स्पष्टपणे कमी झाले.

कमजोर हृदय पाहून शरीर सतत अ‍ॅड्रिनलिन सोडत राहतं. थोडे दिवस त्याचा आधार होतो, पण महिनोन्‌महिने चाललं की तेच हृदयाच्या पेशींना मारक ठरतं. बीटा ब्लॉकर त्या माऱ्यापासून आडोसा देतो आणि काही महिन्यांत अनेकांची ईएफ सुधारते. मात्र हृदयाचा आधार एकदम काढून घेता येत नाही. म्हणून ३.१२५ दिवसातून दोनदा, जेवणासोबत. सोसलं तर साधारण दोन आठवड्यांनी दुप्पट, असं करत २५ पर्यंत. सुरुवातीला किंवा डोस वाढल्यावर थोडे दिवस आईला जास्त थकल्यासारखं वाटेल. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करा आणि लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी साठलेलं असतं, लगेच फोन करा.

औषध_खिडकी
कोराडीवाले दादा, दुकानात "तेच औषध, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून काही दिलं तर स्ट्रिपच्या मागे घटकाचं नाव वाचा. कंपनी बदलली तरी चालते, डॉक्टरांना सांगून ठेवा. पण घटक बदलता कामा नये. मेटोप्रोलॉलमध्ये तर एकाच नावाचे दोन प्रकार आहेत. टार्ट्रेट लवकर उतरतं, ते दिवसातून दोनदा. सक्सिनेट, म्हणजे एक्सएल किंवा ईआर लिहिलेलं, ते दिवसभर हळूहळू सुटतं. ती गोळी चावू नका, कुटू नका. मधे रेघ असेल आणि डॉक्टरांनी अर्धी सांगितली असेल तरच रेघेवर मोडा. आजीला गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून देणारी घरं मी पाहिली आहेत. त्यात दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

मेटोप्रोलॉल आणि मेटफॉर्मिन या नावांतही गल्लत होते. अंबाझरीताई, तुमच्या घरी दोन्ही आहेत, डबे वेगळे ठेवा.

आणि बाबांच्या शुगरबद्दल महत्त्वाचं राहिलं. ग्लिमेपिराइडने शुगर कधी फार उतरू शकते. एरवी उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते आणि माणूस सावध होतो. बीटा ब्लॉकरमुळे या दोन खुणा झाकल्या जातात. घाम मात्र झाकला जात नाही. बाबांना अचानक दरदरून घाम आला, गोंधळल्यासारखे बोलू लागले, की आधी शुगर तपासा. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर साखरपाणी द्या.

तर्री_पोहे
माझी मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू केली. पंधरा दिवस झाले, डोकं तसंच दुखून राहिलं. आणि रात्री फार विचित्र, स्पष्ट स्वप्नं पडतात. सोडू का?

औषध_खिडकी
ताई, ती दुखणं थांबवायची गोळी नाही, झटके कमी यावेत म्हणून रोज घ्यायची आहे. फरक पडायला साधारण चार ते सहा आठवडे जातात आणि डोसही हळूहळू वाढवतात. स्वप्नं या औषधाने पडतात. ते चरबीत विरघळतं म्हणून मेंदूपर्यंत सहज पोचतं. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते वेळ किंवा औषध बदलतील. झटका आल्यावर रिझाट्रिप्टान घेत असाल तर तेही सांगा, प्रोप्रॅनोलॉलसोबत त्याचा डोस कमी ठेवावा लागतो. आणि एक विचारते, दमा आहे का? लहानपणी होता का?

तर्री_पोहे
शाळेत असताना होता. आता फक्त धुळीने आणि हिवाळ्यात छातीत सूं-सूं वाजते. डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नाही.

डॉ_वर्धा_रोड
आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. प्रोप्रॅनोलॉल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवतं. नळ्या मोकळ्या ठेवणारं बटण बंद झालं की दम्याचा जोरदार झटका येऊ शकतो, आणि त्या वेळी नेहमीचा पंपही नीट लागू पडत नाही. दमेकऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत. मायग्रेनसाठी दुसरी औषधं आहेत. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल ही प्रामुख्याने बीटा-१ वर काम करतात. हृदयासाठी गरजच असेल तर दम्याच्या काही रुग्णांना देखरेखीखाली देतात. पण डोस वाढला की तो फरक पुसट होत जातो. आत्ता श्वास जड वाटत असेल तर फोनची वाट पाहू नका, जवळच्या दवाखान्यात जा.

तर्री_पोहे
आत्ता श्वास ठीक आहे. फोन लागला. आजची गोळी थांबवायला सांगितली, उद्या बोलावलं आहे. मनापासून आभार.

लॉ_कॉलेज_चौक
विषय निघाला म्हणून विचारतो. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे. रूमवरचा मित्र म्हणतो की अर्ध्या तासाआधी प्रोप्रॅनोलॉल १० घे, हात कापत नाहीत, आवाज फाटत नाही. त्याच्या काकांकडे पडून आहेत.

औषध_खिडकी
भाऊ, काकांच्या गोळ्या घेऊ नकोस. मित्राचं म्हणणं अगदी चूक नाही. स्टेजची भीती वाटणारे गायक, वादक डॉक्टरांच्या सल्ल्याने हे घेतात. थरथर आणि धडधड थांबते, मनातली काळजी तशीच राहते. पण तुला दमा आहे का, नाडी मुळातच कमी आहे का, दुसरं काही औषध चालू आहे का, हे कुणी तपासलं? शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही. काही स्ट्रिपमध्ये प्रोप्रॅनोलॉलसोबत झोप आणणारं औषधही मिसळलेलं असतं. ती गोळी घेऊन गेलास तर प्रश्न ऐकू येतील, उत्तरं सुचणार नाहीत. डॉक्टरांना भेट. त्यांनी दिलीच तर आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघायला सांगतील.

धनुर्विद्या किंवा नेमबाजी खेळणारं इथे कुणी असेल तर लक्षात ठेवा, या दोन्ही खेळांत बीटा ब्लॉकर बंदी असलेल्या औषधांत आहेत, स्पर्धा नसतानाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉलमुळेच काढून घेतली होती.

महाल_गांधीगेट
आपल्या उन्हाळ्याचं कुणी बोललं नाही. गेल्या नवतपात भावाला गच्चीवर चक्कर येऊन पडायला झालं. अटेनोलॉल आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी, दोन्ही चालू होतं.

डॉ_वर्धा_रोड
बरं झालं काढलंत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. घामाने पाणी आणि मीठ जातं, त्वचेच्या रक्तवाहिन्या फैलावतात, बीपी उतरतं. एरवी हृदय ठोके वाढवून ते सावरतं. बीटा ब्लॉकरवर असलेल्याचं हृदय तेवढं वाढवू शकत नाही. वर पाण्याची गोळी असेल तर पाणी आणखी कमी. माणूस खाटेवरून झटकन उठतो आणि कोसळतो.

उन्हाळा सुरू झाला की मी माझ्या रुग्णांना एकदा बोलावून घेतो, काहींचे डोस कमी करावे लागतात. घरी बसून आणि मग उभं राहून, दोन्ही बीपी मोजा. वरचा आकडा १०० च्या खाली येत असेल किंवा उभं राहिल्यावर गरगरत असेल तर फोन करा. उलट्या-जुलाब लागले तरी त्याच दिवशी विचारा, कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही ते डॉक्टर सांगतील. दुपारी बारा ते चार बाहेर पडणं टाळा. मीठ घातलेलं पन्हं, ताक चांगलं, पण हार्ट फेल्युअरवाल्यांनी मीठ आणि पाण्याचं प्रमाण विचारूनच. भावाचं अटेनोलॉल किडनीवाटे बाहेर पडतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं असेल, म्हणजे किडनीचं काम कमी झालं असेल, तर ते औषध अंगात साचतं, तेही तपासून घ्या.

आणि फक्त बीपीसाठी अटेनोलॉल चालू असेल, हृदयाचं दुसरं काही नसेल, तर त्याबद्दलही विचारा. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००६ मध्येच साध्या बीपीसाठी बीटा ब्लॉकरला पहिल्या पसंतीतून बाजूला केलं, कारण पक्षाघात टाळण्यात ते बाकीच्या औषधांपेक्षा मागे पडतात. बदल हळूहळूच होईल, भावाने मनाने काही करू नये.

औषध_खिडकी
औषधं स्कूटीच्या डिक्कीत ठेवून दुपारी बाजार करू नका. मे महिन्यात डिक्की भट्टीसारखी तापते, आणि या गोळ्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. हिवाळ्यात उलटा त्रास, बोटं बर्फगार पडतात. हातमोजे, पायमोजे घाला. बोटं पांढरी-निळी पडून दुखू लागली तर दाखवा.

बर्डीचा_राजू
फिरण्याबद्दल सांगा ना. माझ्या घड्याळात "२२० वजा वय" असं टार्गेट येतं. बिसोप्रोलॉल घेतो, तिथवर नाडी कधी पोचतच नाही.

डॉ_वर्धा_रोड
पोचणार नाहीच, आणि पोचवायला जाऊ नका. या औषधावर ते गणित लागू होत नाही. सोबतच्याशी दोन वाक्यं बोलता यावीत पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत चाला.

अंबाझरी_सकाळ
बाबांनी गोळी चालू ठेवली आहे. जुनी फाइल काढली, ईएफ ५५ आहे. प्रश्न लिहून ठेवले आणि तारीख अलीकडे घेतली. त्या काकांनाही बाबा हा धागा दाखवणार आहेत.

महाल_गांधीगेट
जाता जाता एक. आईला काचबिंदू आहे, डोळ्यात टिमोलॉलचे थेंब घालतो. नावाच्या शेवटी "लॉल" आहे म्हणून शंका आली. थेंबाने काय होणार म्हणा.

औषध_खिडकी
होतं. टिमोलॉल बीटा ब्लॉकरच आहे, दोन्ही रिसेप्टर अडवणारा. थेंब डोळ्यातून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. त्यामुळे नाडी मंदावलेली आणि दमा उसळलेला अशी उदाहरणं आहेत. आईला दमा असेल, किंवा बीपीसाठी व्हेरापामिल, डिल्टियाझेम किंवा दुसरा बीटा ब्लॉकर चालू असेल, तर डोळ्यांच्या आणि हृदयाच्या दोन्ही डॉक्टरांना ते सांगा. हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना डोळ्याच्या थेंबांची बाटली कुणी नेतच नाही, तुम्ही न्या. घालताना एकच थेंब घाला, डोळा मिटवा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. औषध डोळ्यात टिकतं आणि रक्तात कमी जातं.